अनपेक्षित पदवी आणि प्रणयाचा पेच
('मानापमाना'च्या निमित्ताने)

इंग्रजी लोकप्रिय कादंबरीत एक कथाबीज फार दिवस तग धरून आहे. मोठ्या घराण्याच्या धाकट्या शाखेतील, कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक तरुण असतो. बहुधा तो लष्करात असतो. वडील शाखेत लागोपाठ दोनतीन मृत्यू घडतात आणि एके दिवशी त्याच्या हाती वकिलाचे पत्र पडते की, आता तो 'लॉर्ड' झाला आहे. पत्र येण्यापूर्वी त्याचे ज्या मुलीवर मन असते तिच्या दारी जाणे त्याला अवघड होते, आणि ज्या घरांनी त्याला कधी उंबऱ्यापलीकडे घेतले नव्हते तेथून आमंत्रणे येऊ लागतात. पुढील तीनशे पृष्ठे एकाच शंकेवर चालतात: ही मुलगी मला हवी म्हणते, ती मला की माझ्या पदवीला?

तिसरा जॉर्ज वेडसर झाल्यामुळे युवराजाने त्याच्या नावे कारभार पाहिला तो १८११ ते १८२० हा काळ इंग्लंडात 'रीजन्सी' म्हणून ओळखला जातो. ह्या काळावर बेतलेल्या प्रणयकथांचा आधुनिक साचा जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) ह्या लेखिकेने घडविला. तिची 'रीजन्सी बक' ही कादंबरी १९३५ सालची. 'दि अननोन एजॅक्स' (१९५९) मध्ये वर सांगितलेले बीज तिने फार खुबीने पेरले आहे. वृद्ध लॉर्ड डॅराकॉटचा थोरला मुलगा आणि नातू बुडून मरतात, आणि वारसा जातो तो विणकऱ्याच्या मुलीशी लग्न करून घराबाहेर पडलेल्या दुसऱ्या मुलाच्या पोराकडे, मेजर ह्यूगोकडे. आजोबांचा हुकूम असा की, ह्या गावंढळ वारसाने चुलतबहीण अँथिया हिच्याशी विवाह करावा म्हणजे घराण्याची अब्रू सावरेल. ह्यूगो वस्तुतः उत्तम शाळेत शिकलेला आणि गडगंज श्रीमंत आहे. पण सगळे आपणास अडाणी समजतात हे पाहून तो मुद्दाम यॉर्कशायरची बोली बोलत राहतो.

विभागाच्या ह्या पत्रिकेत असल्या करमणुकीच्या कादंबऱ्यांची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दिंडोरीच्या एका वर्गात आहे. तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांबरोबर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'संगीत मानापमान' वाचीत असता एका विद्यार्थिनीने सरळ प्रश्न टाकला: "सर, धैर्यधर सेनापती नसता, साधा शिपाई असता, तर भामिनीचे मन पालटले असते का?" मी त्या वेळी पराक्रम, गुणपूजा वगैरे ठरावीक शब्दांनी वेळ मारून नेली. उत्तर लंगडे होते हे तिला कळले आणि मलाही. पुढे हा विचार करीत असता ध्यानात आले की, तिचा प्रश्न 'मानापमाना'पुरता नाही. प्रणयकथेत पद वा पदवी कोणत्या जागी येते, आरंभी, मध्ये की शेवटी, ह्यावर त्या कथेची नीती अवलंबून असते, आणि आपल्या परंपरेने ही जागा इंग्रजी परंपरेहून निराळी ठरविली आहे.

आपल्याकडची परंपरा संस्कृत नाटकातून आली. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, आर्यक नावाचा गवळ्याचा पोर भविष्यवाणीमुळे तुरुंगात पडतो आणि अखेर राजा होतो. ह्याहून अनपेक्षित पदवी कोणती? परंतु आर्यकाचा प्रणय नाटकात नाही. त्याचे राज्य दुसऱ्याच्या प्रणयाच्या उपयोगी पडते. नव्या राजाच्या वतीने शर्विलक वसंतसेनेस 'वधू' हा शब्द देतो. एका शब्दाने गणिका कुलवधू होते. येथे पदवी हे नाटकाचे शेवटचे पाऊल आहे. जो पेच समाजाने घातला तो राजाज्ञेने सुटतो. पदवी मिळाल्यावर चारुदत्त आणि वसंतसेना ह्यांच्यात काही बिघडेल अशी शंकाही नाटककाराला येत नाही.

'शाकुंतला'त मात्र निराळा धागा आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. दुष्यंत आश्रमात येतो तेव्हा आपण राजा असल्याचे लपवितो. पौरवाने धर्मकार्यावर नेमलेला अधिकारी म्हणून तो स्वतःची ओळख देतो. म्हणजे त्याने आपली पदवी एक पायरी खाली उतरविली आहे. शकुंतला ज्याच्यावर अनुरक्त होते तो माणूस आहे, राजा नव्हे. निदान तिच्यापुरते तरी तसे आहे. पण लपविलेली पदवी पुढे सूड उगवते. हस्तिनापुरात तिच्यासमोर उभा राहतो तो केवळ राजा, आणि आश्रमातला पाहुणा त्याच्यातून नाहीसा झालेला असतो. शाप हे निमित्त. कालिदासाने शापाची योजना राजाला निर्दोष ठेवण्यासाठी केली हे खरे. तथापि त्या शापाखाली एक सामाजिक सत्य दडलेले आहे की, गादीवर बसलेल्या माणसाला गादीबाहेरचे आपले आयुष्य विसरणे सोयीचे असते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ १८८० साली ह्याच नाटकाने करावा, आणि दोनच वर्षांनी 'सौभद्रा'त अर्जुनास संन्याशाच्या वेषात सुभद्रेच्या महाली आणावे, हे योगायोगाने झाले असेल. पण त्यामुळे मराठी प्रेक्षकांच्या मनात एक अपेक्षा कायमची रुजली. नायक वा नायिका आपले खरे नाव झाकून प्रेम मिळविते, आणि नाव उघडे पडणे हा आनंदाचा क्षण असतो.

'मानापमान' १९११ च्या मार्चमध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीने मुंबईत रंगभूमीवर आणले तेव्हा हीच अपेक्षा त्याच्या पाठीशी होती. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. त्यानंतरचे हे त्यांचे पहिले संगीत नाटक. राजकारणाचा लेखक प्रणयाकडे वळला असे तेव्हाही म्हटले गेले असेल, परंतु नाव पाहावे: नाटकाला त्यांनी प्रेमावरून नाव दिले नाही, मान आणि अपमान ह्यांवरून दिले. कथा परिचित आहे. धैर्यधर पराक्रमी पण निर्धन. भामिनी धनाढ्य बापाची मुलगी. लक्ष्मीधर अंगावर दागिने चढविलेला भित्रा श्रीमंत. गरिबाशी आपले लग्न ठरते आहे हे कळताच भामिनी त्याचा अव्हेर करते. तो अपमान धैर्यधराच्या जिव्हारी लागतो. पुढे तीच भामिनी 'वनमाला' ह्या नावाने, साध्या मुलीच्या वेषात, त्याच्या छावणीत जाते, आणि जिला त्याने मनातून हद्दपार केले तिच्यावरच दुसऱ्या नावाखाली त्याचे प्रेम जडते.

गोल्डस्मिथच्या 'शी स्टूप्स टु काँकर' (१७७३) ह्या नाटकात केट हार्डकॅसल दासीच्या वेषात एका लाजाळू तरुणाचे मन जिंकते, त्याच्याशी हे साम्य डोळ्यांत भरते. खाडिलकरांनी ते नाटक समोर ठेवून लिहिले असे विधान करण्याचे मला कारण दिसत नाही. आणि उसनवारीचा शोध हा आमच्या समीक्षेचा एक कंटाळवाणा छंद झाला आहे. फरक अधिक बोलका आहे. केटला त्या तरुणाचा संकोच घालवायचा असतो. वरच्या थरातील स्त्रीपुढे त्याची जीभ लुळी पडते, म्हणून ती खाली उतरते. भामिनीला स्वतःचाच एक उद्गार पुसायचा आहे. तिचा वेष हा कावा कमी आणि प्रायश्चित्त अधिक आहे.

येथे आपल्या विषयाला महत्त्वाचे वळण मिळते. प्रणयात आड येते ते पद वरवर पाहता धैर्यधराचे, किंवा त्याच्याजवळ नसलेले धन. परंतु दुसऱ्या अंकापासून आड येते ते भामिनीचे नाव. 'भामिनी' हा शब्द उच्चारला की धैर्यधराच्या डोळ्यांपुढे अपमान उभा राहतो. आणि वनमाला जितकी त्याची होत जाते तितके आपले खरे नाव सांगणे तिला कठीण होते. इंग्रजी कथेतील लॉर्ड झालेला तरुण ज्या शंकेने पछाडलेला असतो, की हे प्रेम मला की माझ्या पदवीला, ती शंका खाडिलकरांनी स्त्रीच्या पदरात टाकली. हे त्यांचे यश. ह्या भूमिकेत नारायणराव राजहंस उभे होते, आणि टिळकांनी बालपणीच दिलेली 'बालगंधर्व' ही अनपेक्षित पदवी त्यांना आयुष्यभर पुरली, हेही जाता जाता आठवते. पुरुषाने भामिनी व्हायचे आणि भामिनीने वनमाला व्हायचे, अशी दुहेरी सोंगाची ती किमया होती. पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची लहान मुलगी वारली, तरी त्यांनी प्रयोग केला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पदवी माणसाकडून काय काय वसूल करते ह्याचे इतके जळजळीत उदाहरण नाटकात शोधूनही सापडणार नाही.

आता त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. धैर्यधराला खाडिलकरांनी धन दिले नाही, पण सेनापतिपद दिले. भामिनी ज्या गुणांवर भाळते ते रणांगणावर, म्हणजे पदाच्या उजेडात दिसणारे गुण आहेत. नाटककाराने एका हाताने प्रतिष्ठा काढून घेतली आणि दुसऱ्या हाताने गुपचूप परत ठेवली. ह्यात एकटे खाडिलकर दोषी नाहीत. हेयरचा ह्यूगो विणकऱ्याचा नातू म्हणून हिणविला जातो, पण त्या आजोबांच्या गिरण्या निघतात आणि पैशाची थैली कादंबरीच्या उत्तरार्धात उघडते. जेन ऑस्टिनच्या 'पर्स्वेजन'मध्ये (१८१७ अखेर प्रकाशित) अ‍ॅन एलियट ही सरदारकन्या दरिद्री नौदल अधिकारी वेंटवर्थ ह्यास वडिलधाऱ्यांच्या सल्ल्यावरून नाकारते. आठ वर्षांनी तो परत येतो तेव्हा युद्धातील लुटीचे पंचवीस हजार पौंड त्याच्या नावावर असतात. प्रणयकथा हा प्रकारच असा आहे की, तो पैशाचा तिरस्कार करतो आणि पैशाची सोय करून ठेवतो.

तथापि ऑस्टिनने एक जागा अशी ठेवली आहे की जेथे ही सोय तिने स्वतःच तपासून पाहिली. समेट झाल्यावर वेंटवर्थ विचारतो की, १८०८ साली, हाती थोडासा पैसा आणि एका जहाजाचे अधिपत्य आले तेव्हाच मी पत्र लिहिले असते तर तू होकार दिला असतास काय? अ‍ॅनच्या उत्तरातून होकार स्पष्ट होतो, आणि मग त्या मानी पुरुषाला उमगते की, मधली कितीतरी वर्षे आपल्या अभिमानाने खाल्ली. सल्लागार बाईपेक्षा मोठा शत्रू आपणच होतो. असा हिशेब 'मानापमाना'त कोणी मांडावयास हवा होता. अपमान भामिनीने केला हे मान्य; त्याची भरपाई तिने सेवेने, वेषांतराने, नाव टाकून केली. पण धैर्यधराच्या मानाची झडती नाटक त्या बरोबरीने घेत नाही. दारिद्र्याचाही एक गर्व असतो आणि तोही श्रीमंतीच्या गर्वाइतकाच माणसाला आंधळा करतो, ही गोष्ट खाडिलकरांच्या हाताशी आली होती. संगीताच्या लाटेत ती वाहून गेली, असे माझे मत आहे. गोविंदराव टेंब्यांच्या चालींनी ज्यांचे कान भरले त्यांनी ह्या मतावर रागावू नये. १९२१ च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या 'संयुक्त मानापमाना'त केशवराव भोसले आणि बालगंधर्व समोरासमोर उभे राहिले तेव्हा प्रेक्षकांनी ऐकले ते गाणे. धैर्यधराचा दोष ऐकावयास कोण गेले होते? २०२५ च्या आरंभी सुबोध भावे ह्यांनी ह्याच नाटकावर चित्रपट काढला, त्यावरून एवढे दिसते की शंभर वर्षांनंतरही ही कथा पुन्हा सांगण्याजोगी वाटते.

येथवर वाङ्मयाची गोष्ट झाली. व्यवहारात मराठी माणसाला अनपेक्षित पदवी मिळे ती मृत्युपत्राने किंवा वकिलाच्या पत्राने नव्हे, तर दत्तकविधानाने. ह्याचे सर्वांत ठळक उदाहरण आमच्याच जिल्ह्यातले आहे. दिंडोरी जिल्ह्याच्या एका अंगाला, तर कवळाणे दुसऱ्या अंगाला, मालेगाव तालुक्यात. तेथे १८६३ साली जन्मलेला गोपाळराव नावाचा शेतकरी घरातला मुलगा बडोद्याच्या राजवंशाच्या दूरच्या शाखेचा होता. १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव गायकवाडांना इंग्रज सरकारने पदच्युत केले, आणि मे महिन्यात खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंनी ह्या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले. तो सयाजीराव झाला. १८८० च्या जानेवारीत तंजावरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाई त्यांच्या राणी झाल्या आणि त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. १८८५ च्या मे महिन्यात त्या वारल्या. त्याच वर्षअखेर देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी दुसरा विवाह झाला, आणि त्यांचेही नाव चिमणाबाईच ठेवले गेले.

हा तपशील मी मुद्दाम दिला. इंग्रजी कथेत माणसाला पदवी मिळते. त्याचे जुने नाव, जुना स्वभाव, जुने प्रेम सगळे तसेच राहते आणि पदवी त्यावर वरून येऊन बसते. म्हणूनच त्याला पेच पडतो. आपल्या गादीच्या कल्पनेत गादीला माणूस मिळतो. गोपाळरावाचा सयाजीराव झाला म्हणजे कवळाण्याचा मुलगा विधिपूर्वक संपला; बाप, कूळ, नाव सारे बदलले. दोन निराळ्या स्त्रियांना एकच नाव देण्यात कोणाला विसंगती वाटली नाही, कारण राणीचे नाव हे व्यक्तीचे नव्हतेच, ते एका जागेचे नाव होते. अशा व्यवस्थेत 'हे प्रेम मला की माझ्या पदवीला' हा प्रश्न उद्भवण्यास 'मी' म्हणून काही शिल्लक राहत नाही. शिवाय ती जागाही आपल्या हातची नव्हती. दत्तक मान्य करणे न करणे कंपनी सरकारच्या मर्जीवर होते. १८४८ साली सातारा त्याच कारणाने खालसा झाले. रीजन्सीच्या उत्तरार्धात, १८१८ च्या उन्हाळ्यात, त्र्यंबकचा किल्ला पडला, पाठोपाठ नाशिक भागातले इतर किल्ले गेले आणि जूनमध्ये बाजीराव शरण आला. लंडनच्या दिवाणखान्यांत पदव्यांचे लग्नबाजार भरत होते त्याच दिवसांत येथे पदव्यांचे मूळच उपटले जात होते. मराठी लेखकाला पदवी हा विनोदाचा विषय सहजासहजी झाला नाही ह्याचे एक कारण हे असावे.

तो विषय विनोदाचा आणि करुणेचाही होऊ शकला तो पदव्या गेल्यावर. पु. ल. देशपांडे ह्यांचे 'सुंदर मी होणार' (१९५८) हे ब्राउनिंग दांपत्याच्या प्रेमकथेवरील 'दि बॅरेट्स ऑफ विंपोल स्ट्रीट' (१९३०) ह्या नाटकावर आधारलेले आहे. मूळ नाटकात बापाचा जुलूम केवळ स्वभावातून येतो, पु. लं.नी त्या बापाला संस्थान विलीन झालेला राजा केले. ह्या एका फेरफाराने रूपांतर मूळ कृतीपेक्षा अर्थपूर्ण झाले, असे मला वाटते. राज्य गेले, प्रजा गेली. उरली ती मुले. त्यांचा प्रणय म्हणजे ह्या राजाच्या दृष्टीने शेवटची बंडाळी. अनपेक्षितपणे आलेली पदवी नव्हे तर अनपेक्षितपणे गेलेली पदवी प्रणयाच्या आड येते, आणि हे रीजन्सीच्या कथेला खास आपले असे उत्तर आहे. नाशिकचे वसंत कानेटकर ह्यांनी 'मत्स्यगंधा'मध्ये (१९६४) आणखी तिसरी तऱ्हा दाखविली. तेथे सत्यवती दुखावलेल्या मनाने पदवी मागूनच घेते, विवाहाची किंमत म्हणून, आणि ती किंमत देवव्रताला मोजावी लागते. त्या नाटकाचा विचार येथे ओझरताच करता येतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

संविधानाच्या अठराव्या अनुच्छेदाने पदव्या देण्यास बंदी केली. परगणा व कुलकर्णी वतने १९५१ मध्ये गेली, महसुली पाटीलकी १९६३ च्या आरंभापासून संपली, संस्थानिकांचे तनखे १९७१ अखेर बंद झाले. दिंडोरी तालुक्यात पाटील आणि देशमुख आहेत, परंतु ती आता आडनावे आहेत. मग आमच्या विद्यार्थ्यांना 'मानापमान' केवळ पोशाखी नाटक वाटावे. तसे वाटत नाही. ह्याचे कारण मला त्या तासानंतर समजले. प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या शेजारी बसलेला एक विद्यार्थी, द्राक्षबागेत वडिलांना मदत करून वर्गाला येणारा, राज्यसेवा परीक्षेची तयारी करीत होता. तो म्हणाला, "आमच्याकडे अजून पत्र येतं सर, फक्त वकिलाचं नाही, आयोगाचं." निकालाच्या यादीत नाव आले की दोन एकर कोरडवाहूच्या पोराकडे बागायतदारांची स्थळे येऊ लागतात, आणि ज्या मुलीशी त्याचे बोलणे ठरलेले असते तिच्या घरी चहा पिणे त्याला, त्याच्याहून अधिक तिला, अवघड होते. हे त्याने हसत सांगितले. वर्ग मात्र हसला नाही.

ही आजची पदवी वारशाची नाही, स्वकष्टाची आहे. त्या अर्थी ती धैर्यधराच्या सेनापतिपदाची सख्खी भावंडे आहे. म्हणूनच खाडिलकरांचे नाटक त्या वर्गाला जवळचे वाटले आणि म्हणूनच त्यातील अनुत्तरित जागा त्यांना बोचली. गुणाने मिळविलेल्या पदावर प्रेम करणे हे गुणावर प्रेम करणे आहे काय? खाडिलकर 'होय' असे गृहीत धरतात. ऑस्टिन ते गृहीत धरीत नाही. ती वेंटवर्थला १८०८ सालात परत नेऊन विचारावयास लावते. मराठीत ह्या बीजावर पुन्हा कोणी लिहील तर त्याने निकाल लागल्यानंतरच्या धैर्यधराबरोबर निकालापूर्वीच्या वर्षातल्या भामिनीलाही रंगमंचावर आणावे. पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला सांगितले की, तिच्या प्रश्नाचे उत्तर नाटकात नाही. तिने वहीत काही टिपले आणि विचारले, "मग परीक्षेत हा प्रश्न आला तर काय लिहायचं?"